उसनी खिडकी

मी काकूंची खिडकी ढापली तेव्हा काकू समोरच उभ्या होत्या. टेपचं एक टोक त्यांच्या हातात होतं, दुसरं माझ्या. त्यांनी माप घेतलं, मी खिडकी घेतली. पुढे ती एका मासिकात छापूनही आली, माझ्या नावासकट. आणि मी इतका शहाणा, की अंक काखेत मारून तो वाचून दाखवायला काकूंच्याच दुकानात गेलो.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी चौकटीसकट खिडकी उचकटून नेली.

काकू पडदे शिवतात. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. पुढे कापडाचे तागे, मध्ये कापणीचं लांबलचक टेबल, मागे शिलाईची मशीनं. दुकान मूळचं काकांचं. लग्न होऊन आल्या तेव्हा काकूंकडे फक्त पडद्यांना कड्या लावायचं काम होतं. मग एकदा काकांनी कुणाच्या तरी दिवाणखान्याचं माप चुकवलं, पडदे वीतभर आखूड झाले आणि गिऱ्हाईक म्हणालं, "हे पडदे आहेत की परकर?" त्या दिवसापासून मापं घ्यायला काकू जाऊ लागल्या. काका अजून सांगतात, "मी मुद्दाम चुकलो होतो. हिला जरा बाहेरची हवा लागावी म्हणून."

"हो ना," काकू म्हणतात, "तेव्हापासून चपला माझ्याच झिजताहेत."

पडद्याचं माप घ्यायला आलेल्या बाईला घरात कुठेही जाता येतं. पाहुण्याला बाहेरच्या खोलीत बसवतात, डॉक्टरला आजाऱ्याच्या खाटेपर्यंत नेतात. पडदेवालीला मात्र झोपायची खोली, न्हाणीघर, माळ्याचा झरोका, सगळं उघडून दाखवतात आणि वर म्हणतात, "पसाऱ्याकडे बघू नका हं." काकू नेमक्या पसाऱ्याकडे बघत. नवरा एका खोलीत, बायको दुसऱ्या खोलीत, आणि दोघांनाही पडदे जाड हवेत. ज्या खोलीत कुणीच झोपत नाही तिलाच सगळ्यात महागाचं कापड. हे सगळं डोक्यात घेऊन त्या दुकानात परतायच्या, पण सांगणार कुणाला? काकांना सांगावं तर ते विचारायचे, "ते ठीक आहे, अस्तर लावायचं म्हणाले का?"

शेवटी काकू लिहू लागल्या. कापणीच्या टेबलाशी, उभ्या उभ्या, एक गिऱ्हाईक गेलं आणि दुसरं यायचंय एवढ्या वेळात. अजूनही त्यांना बसून लिहिता येत नाही. "बसलं की झोप तरी येते नाहीतर शिलाई आठवते," असं त्यांचं म्हणणं.

अशा काकूंभोवती आमचं टोळकं जमलं. टोळकंच म्हणतो. मंडळ म्हटलं की अध्यक्ष लागतो, आणि आमच्यात अध्यक्ष व्हायला सगळेच तयार. रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचं आणि ताग्यांवर बसायचं. चित्रकलेचे निवृत्त मास्तर प्रेमकथा लिहितात. दवाखान्यातल्या सिस्टर खुनाच्या गोष्टी लिहितात, आणि त्या इतक्या मायेने लिहितात की त्यांच्यापुढे मास्तरांचे प्रेमिक शेजारच्या खाटांवरचे पेशंट वाटावेत. मी सगळ्यांत लहान. हमरस्त्यावरच्या वजनकाट्यावर कामाला आहे. ट्रक काट्यावर चढला की केबिनमधून आकडा बघायचा आणि पावती फाडायची. म्हणून सिस्टरनी माझं नाव 'वजन्या' ठेवलं. मला बघितलंत तर त्यातला टोमणा कळेल. मी काट्यावर चढलो तर काटा हलतही नाही.

टोळक्याचा कायदा एकच: जागेला जागा. गोष्ट सुचते, माणसंही सुचतात, पण त्यांना उभं कुठे करायचं इथे घोडं अडतं. मग ज्याच्याकडे जागा असेल त्याने ती सगळ्यांपुढे मांडायची. खोली, जिना, गच्ची, काय असेल ते. ज्याला हवी त्याने म्हणायचं, "मला उसनी द्या." देणाऱ्याने हो म्हटलं की त्याने स्वतः पुन्हा त्या जागेवर लिहायचं नाही. आणि घेणाऱ्याने पुढे कधीतरी तिच्या बदल्यात दुसरी जागा आणून द्यायची. तीही टाकाऊ नको, आपल्याला स्वतःला हवीशी वाटणारी हवी.

हे शेवटचं कलम काकूंचं. कारण उघड होतं. देणाऱ्या बहुतेक वेळा त्याच. सिस्टरनी काकूंच्या गिऱ्हाइकांच्या घरांत इतके मुडदे पाडले होते, की काकू एकदा कळवळून म्हणाल्या, "सिस्टर, कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या बाई समोर आल्या की मला आता हसता येत नाही हो. तुम्ही त्यांना माळ्यावर कोंबून ठेवलंय." आणि मास्तरांच्या नायक-नायिकांना तर काकूंनी मोजलेल्या बाल्कन्या सोडल्या तर भेटायला जागाच नव्हती.

पुढे काकांचा गुडघा बिघडला आणि त्यांचं स्टुलावर चढणं बंद झालं. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. काट्यावर माझी पाळी सकाळची, दुपार मोकळी. मी म्हटलं, "मी येतो, काकू." यात परोपकार काडीचा नव्हता. आयत्या जागा बघायला मिळतील, एवढाच हिशेब.

तशीच ती खोली बघितली. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर एक आजी एकट्या राहतात. त्यांच्या खोलीला खिडकी एकच, आणि ती बाहेर उघडतच नाही, जिन्यात उघडते. इमारतीवर मजले चढवताना कुणीतरी जिना तिथून काढला आणि खिडकी आत सापडली. त्यामुळे खिडकीतून आकाश नाही, झाड नाही, रस्ता नाही. दिसतात ते फक्त पाय. वर जाणारे आणि खाली येणारे. आम्ही टेप धरून उभे होतो तेवढ्यात तपकिरी चपलांचे दोन पाय धडधडत उतरले, आणि आजी म्हणाल्या, "आज परत भांडून निघाला."

मी काकूंकडे बघितलं. काकू खिडकीकडे बघत होत्या. माप सांगायचं विसरल्या होत्या. या खोलीचं माप त्यांनी आधीच घेतलेलं होतं, मग आज पुन्हा कशाला, हेही मला खटकायला हवं होतं. पण मला एवढंच समजलं, की आता लवकर घरी जाऊन लिहायला बसलं पाहिजे.

गोष्ट एका बैठकीत झाली. काकूंना विचारावं असं मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी त्याला तयार उत्तरही दिलं: खिडकी काकूंनी टोळक्यात मांडलेली नाही, मी ती स्वतःच्या डोळ्यांनी बघितली, मग उसनी कसली? कायद्यात पळवाट काढायला वकील लागत नाही, हावरटपणा पुरतो.

तर अंक घेऊन गेलो त्या रविवारी वाचून झालं. मास्तर म्हणाले, "वा!" सिस्टर म्हणाल्या, "एकही खून नाही, तरी बरी आहे." काकू कात्रीने एका चिंधीच्या आणखी बारीक चिंध्या करत होत्या.

"छान झालीय," त्या म्हणाल्या. "पाय चांगले उतरलेत. खिडकी माझी होती रे."

"पण काकू, तुम्ही कधी मांडली नाहीत..."

"स्वतःच्या घरात राहायला कुणाला विचारावं लागतं होय?"

मग सगळं बाहेर आलं. काकू कादंबरी लिहीत होत्या. अशाच खिडकीमागे राहणाऱ्या एका बाईची. कादंबरी जवळजवळ पुरी झाली होती. शहरातल्या एका प्रकाशकांनी पहिली दोन प्रकरणं वाचून सगळं बाड मागवलं होतं. आणि ज्या मासिकात माझी गोष्ट आली ते मासिक त्याच प्रकाशकांचं! त्यांचा फोन येऊन गेला होता. म्हणाले, "बाई, ही खिडकी आमच्याकडे आत्ताच छापून झाली. लोक म्हणतील, त्या मुलाचंच उचललं. जागा बदला. बाकी सगळं ठेवा."

"बाकी सगळं ठेवा म्हणे," काकू म्हणाल्या. "भिंत पाडा, पडदा तसाच राहू दे."

माझं तोंड वाळलेल्या लिंबासारखं झालं होतं. "मी त्यांना फोन करतो. सांगतो, की आधी तुमचीच..."

"आणि ते तुला शाबासकी देतील? गप बस. चूक निस्तरताना आणखी दोन करशील."

मागून मशीन थांबलं. काकांनी विचारलं, "म्हणजे कादंबरी बारगळली का?"

"बारगळेल कशी?" काकू म्हणाल्या. "कापड कापून झालंय. कापलेलं कापड परत ताग्याला चिकटवता येतं का?"

दुसऱ्या दिवसापासून टोळकं कामाला लागलं. आजवर काकूंकडून उचललेल्या जागा सगळ्यांच्या डोक्यावर होत्याच. काकूंची अट एकच: "तोंडी नको. नेऊन दाखवा." घडीचं स्टूल घेऊन त्या यायच्या, जागेच्या मधोमध बसायच्या आणि आपली बाई तिथे राहील का ते बघायच्या.

सिस्टरनी दवाखान्यातली चादरींची खोली दाखवली. छतापर्यंत पांढऱ्या घड्या, साबणाचा वास, दाराबाहेर गाड्यांची खडखड.

"इथे ती काय करेल?" काकूंनी विचारलं.

"चादरी मोजेल."

"आणि मग?"

"मग मागून कुणीतरी येईल," सिस्टरचे डोळे चमकले, "आणि उशीने..."

काकूंनी स्टूल मिटलं.

मास्तरांनी शाळेची अडगळीची खोली उघडून घेतली. चित्रफलकांचे मोडके घोडे, वाळलेले रंग, चित्रासाठी समोर ठेवायचे प्लास्टरचे हात, प्लास्टरची डोकी. "आणि हे बघा," मास्तर अभिमानाने म्हणाले, "पायसुद्धा आहे." एकच होता, डावा. काकू हसल्या. पण त्यांनी मनावर घेतलं, बाईला तिथे हलवलं आणि एक प्रकरण लिहून आणलं.

त्यांनी वाचलं, आम्ही ऐकलं. झोळ पडला होता. हा शब्द काकूंनीच आम्हाला शिकवलेला. कापड उत्तम, शिवण सरळ, तरी मध्येच पडदा लोंबतो, तो झोळ. तिघांनाही तो दिसत होता आणि तिघंही कड्या मोजत बसल्यासारखे खाली बघत होतो. एरवी आम्ही एकमेकांना सोलून काढतो. पण इथे आधीच सोललेल्या माणसाला काय सांगणार? शेवटी सिस्टर म्हणाल्या, "काकू, रागावू नका. ती तिथे पाहुणी वाटते."

"हो ना," काकू म्हणाल्या. "सारखी विचारतेय, घरी कधी जायचं." आणि ती पानं त्यांनी फाडून उशीत भरायच्या चिंध्यांत टाकली. "बरं झालं बोललात. मला वाटलं, सगळे लाज राखताय की काय."

मग माझी पाळी. मी त्यांना काट्याच्या केबिनमध्ये नेलं. तीन बाजूंना काच, समोर रस्ता, ट्रक चढला की खुर्चीसकट सगळं हादरतं. एक ट्रक येऊन गेला. काकूंनी नीट बघितलं.

"जागा चांगली आहे. तुला हवीय ही?"

"मला? छे! रोज इथे बसून वीट आलाय, काकू. खुशाल घ्या."

"मग ही परतफेड नव्हे, वजन्या. ही अडगळ झाली. खिडकी घेतलीस, तुझ्यावर एक जागा बाकी आहे. तुलाच सोडवणार नाही अशी आण."

एवढं होऊनही त्या थकलेल्या दिसत नव्हत्या. दिवसा मापं, शिलाई, दुपारी दुसऱ्याच्या जागेत स्टूल टाकून बसणं. काका म्हणाले, "अगं, एखादी साधी खोली घे आणि मोकळी हो." त्यावर काकू म्हणाल्या, "तुम्ही एकदा साधं माप घेतलं होतंत. त्याचं काय झालं?" काकांनी मशीन चालू केलं.

आणि मग एके दिवशी दुकानात एक माणूस आला. माझं लक्ष आधी खाली गेलं. तपकिरी चपला! वर बघतो तर चांगला हसऱ्या तोंडाचा गृहस्थ. हा रोज भांडतो हे चेहऱ्यावरून कुणालाही खरं वाटलं नसतं.

"तळमजल्यावरच्या आजींनी विचारलंय," तो म्हणाला, "पडदा देताय, की दुसरीकडे टाकू?"

"अजून दिला नाहीस?" काका मागून ओरडले. "अगं, तो शिवून कपाटात कधीचा पडलाय!"

काकूंनी कपाटातून घडी घातलेला पडदा काढला.  मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. पडदा लावला, की त्या घरात जायचं निमित्त संपलं. शिवाय खिडकी झाकली जाणार. म्हणून कधी 'कापड आलं नाही', कधी 'माप पुन्हा घेते' असं करत काकू वर्षभर त्या खोलीत जात राहिल्या होत्या. गिऱ्हाइकाचा पडदा एक दिवसही न लांबवणारी बाई, आणि तिने कादंबरीसाठी एक पडदा दडवून ठेवला होता!

"चल," त्या म्हणाल्या. "टेप नको. दांडी घे आणि हातोडी घे."

आजी दारातच होत्या. "या! किती वेळा मापं घेतलीत हो? माझी खिडकी काय वाढत्या अंगाची आहे?"

मी दांडी ठोकली. काकूंनी कड्या ओवल्या. पडदा जाड, निळा, खाली वजनदार दुमड घातलेला. लावता लावता काकूंचे हात मंदावले.

"आजी, आता पाय दिसणार नाहीत. करमेल ना?"

"करमेल?" आजींनी कमरेवर हात ठेवले. "अहो, मी काय हौसेने बघते? समोर येतात म्हणून दिसतात. तो वरचा भांडून निघाला की दिवसभर माझ्या जिवाला घोर. एकदा एक पोर अनवाणी पळत खाली गेली, ती परत वर जाईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरला नाही. त्यांना माझा पत्ता नाही आणि मी त्यांच्या काळज्या वाहतेय. मला कुणाचे पाय नकोत. मला माझी खोली हवीय."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पडदा ओढून घेतला.

खोलीत काहीच बदललं नव्हतं. खाट तीच, स्टोव्ह तोच, दिवा तोच. पण आजी खाटेवर टेकल्या त्या पाय वर घेऊन, आपल्या घरात टेकतो तसं. तेवढ्यात जिन्यावरून कुणीतरी धडधडत उतरलं. माझी मान खिडकीकडे गेली, काकूंचीही. आजींची नाही. त्या म्हणाल्या, "चहा घेणार का?"

निघताना काकू बाहेर जिन्याच्या पायरीवर थांबल्या. बाहेरून त्या खिडकीत आता फक्त निळं कापड दिसत होतं.

"आपण दोघंही मूर्ख," त्या म्हणाल्या. "तुझ्या गोष्टीत ती म्हातारी बघत बसते, छान छान ओळखत बसते. माझ्या बाडातही वर्षभर तेच करतेय. तिला काय हवंय हे तू विचारलं नाहीस. मी तर पडदेवाली, माझ्याकडे तिने तोंडाने मागितलं, तरी मी ऐकलं नाही."

"मग आता?"

"आता ती पहिल्याच पानावर पडदा मागते. आणि कुणी आणून देत नाही." त्यांनी हातोडी पिशवीत टाकली. "जागा बदलणार नाही मी. खिडकी तू नेलीस तर नेलीस. पडदा माझ्या दुकानातला आहे."

सगळं बाड पुन्हा लिहायचं म्हणजे खायचं काम नव्हतं. पण त्या दिवसापासून काकू कापणीच्या टेबलाशी अशा उभ्या राहिल्या, की गिऱ्हाइकंही हळू बोलू लागली. मास्तर दुकान सांभाळायचे. त्यांनी एका बाईला रंगसंगती समजावून देता देता पडद्यांऐवजी भिंतीच रंगवून घ्यायचा सल्ला दिला, तेव्हा काकांनी त्यांना कड्या लावायला बसवलं. मापं घ्यायला सिस्टर जायच्या आणि माळ्यावर फार वेळ रेंगाळायच्या. मी केबिनमधल्या संगणकावर पानं उतरवून काढायचो, दोन ट्रकांच्या मध्ये. पावतीचे शब्द घुसून एका पानावर ती बाई रागाने म्हणते, "मला खडी भरलेली गाडी हवी," असं छापलं गेलं. काकूंनी ते पकडलं आणि म्हणाल्या, "हिला साधा पडदा कुणी देत नाही रे, खडी कोण देणार?"

बाड प्रकाशकांकडे गेलं त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. आम्ही सगळे ताग्यांवर बसलो होतो.

"बाई, मी जागा बदला म्हटलं होतं."

"जागा तीच आहे," काकू म्हणाल्या. "आधी शेवटपर्यंत वाचा. मग बोलू." आणि त्यांच्या आधी फोन ठेवून दिला. मास्तरांनी कपाळाला हात लावला. सिस्टर टाळी वाजवणार होत्या, पण काकू लगेच कापड कापायला वळल्या, आणि कात्री हातात असलेल्या माणसाला टाळी कोण देणार?

उत्तर यायला वेळ लागला. त्या दिवसांत दुकानातला फोन वाजला की काकू शांत आणि काका बेजार. शेवटी एका दुपारी प्रकाशक म्हणाले, "छापतोय. वाचताना त्या मुलाची गोष्ट मनातही आली नाही." काकूंनी आम्हाला हे शब्दन् शब्द सांगितलं. मी मान खाली घातली खरी, पण हसू आवरत नव्हतं.

काका मशीनवरून म्हणाले, "अस्तर लावलं असणार."

पुस्तक आता छापखान्यात आहे. आणि काकू दर रविवारी मी शटरखालून वाकून आत शिरलो रे शिरलो, की विचारतात, "वजन्या, माझी जागा?" मी आजवर गोदामाची गच्ची दिली, थिएटरातली तिकिटाची खोली दिली, बंद पडलेला पेट्रोलपंप दिला. प्रत्येक वेळी त्यांचा एकच प्रश्न: "तुला हवीय?" मी ठोकून देतो, "हो तर!" त्या माझ्याकडे आखूड पडद्याकडे बघावं तशा बघतात आणि जागा परत करतात.

गेल्या आठवड्यात मात्र मला एक जागा सापडलीय. खरोखरची. तिथे मी जाऊन आलो, पुन्हा जाऊन आलो, आणि परतताना कुणी मागे येत नाही ना ते बघून घेतलं. ती कुठे आहे हे मी इथेही लिहिणार नाही, कारण हे सगळ्यात आधी काकूच वाचणार आहेत. उद्या रविवार. जाताना जागेऐवजी बिस्किटांचा मोठा पुडा घेऊन जाणार आहे. काकू तो ठेवून घेतील, मला ठाऊक आहे. आणि हात तसाच पुढे ठेवतील.